वाळवी न लागलेली माती

उदगीर जिल्हा होणार असं त्या उन्हाळ्यात आमच्या घरी रोज कुणी ना कुणी येऊन सांगायचं. टँकर कधी येणार हे मात्र कुणालाच सांगता यायचं नाही. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्याचे फोटो पेपरात छापून येत होते. आमच्या गल्लीत टँकर यायचा तो त्याच्या मर्जीनं, आणि आला की बायका कळशी उचलायच्या आधी एकमेकींकडे बघून घ्यायच्या.

मामांना, म्हणजे माझे सासरे मडिवाळप्पा यांना, पाण्यापेक्षा जिल्ह्याची घाई होती.

“जिल्हा झाला की कचेऱ्या येतील,” ते म्हणायचे. “कचेऱ्या काय लिंबाखाली बसतील? जागा लागंल की न्हाई त्यांना?”

“आधी पाणी येऊ द्या,” आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई गुरम्मा, म्हणायच्या. “कलेक्टर आला तर तोंड कशानं धुईल?”

पण मामांनी ठरवलं होतं. घरामागचं जुनं गोडाऊन पाडायचं आणि तिथं दुमजली इमारत उठवायची. गोडाऊन त्यांच्या वडिलांच्या, शिवप्पांच्या काळातलं. मातीच्या रुंद भिंती, वर माळवद, सागाच्या तुळया. आडतीचं दुकान मोंढ्याच्या बाजारात गेल्यापासून ते रिकामंच होतं.

पाडायचं कसं, यावरून मी मध्ये पडले. आप्पासाहेब नावाचे मामांचे एक ओळखीचे कंत्राटदार जेसीबी आणणार होते. सकाळी सुरू केलं की दुपारी मैदान, आणि मलबा कोरड्या नदीत. नदी आता नदी राहिलीच कुठं, असं ते हसत म्हणाले. मी चहा द्यायला गेले होते, तिथंच थांबले.

“मामा, नदीत नका टाकू,” मी म्हटलं. “आणि जेसीबी नको. हातानं उतरवू. लाकूड, दगड, माती, सगळं कुणाच्या ना कुणाच्या कामाला येईल. काहीच फेकायचं नाही.”

मी नांदेडला बीएस्सी केलंय. पर्यावरणावर एक पेपर होता आम्हाला. ते सगळं मी बोलले, पुनर्वापर वगैरे, आणि खरं बोलले. पण त्याच्या खाली दुसरं होतं. आमची अक्कू तेव्हा दोन वर्षांची व्हायची होती आणि तिची छाती वाजायची. समोर कुणी अंगण झाडलं तरी रात्री तिच्या बरगड्या आत ओढल्या जाताना मला दिसायच्या. जेसीबीचा धुरळा घरात शिरला असता. दाबायला पाणी कुठून आणायचं?

माझे यजमान बसवंत मामांना म्हणाले, “हातानं उतरवू अप्पा. ती म्हणती त्यात खोटं न्हाई.”

आणि खरंच तसं झालं. माणसांनी वरून हळूहळू सुरुवात केली, खिडक्यांना मी ओली गोणपाटं लावली. तुळया देवणीच्या एका सुताराने नेल्या. पायाचे दगड मुखेडला माझ्या भावाच्या शेतात बांधाला गेले. गल्लीत माझं नाव झालं. मामा आल्यागेल्याला सांगायला लागले, “सूनबाईनं एक खुंटी वाया जाऊ दिली न्हाई.” मला ऐकायला आवडायचं, हे कशाला लपवू.

राहिली माती. माझी कल्पना अशी होती की ती शेतात जावी. नाहीतरी तळी आटली होती आणि लोक गाळ वाहून नेतच होते. पण मी कुणाला विचारायच्या आधीच माणसं मातीसाठी यायला लागली. मुखेडच्या वाटेवरच्या एका गावचे ग्यानोबा पहिल्यांदा आले. वर्षानुवर्षं आमच्या आडतीला माल घालणारे. सोबत बायको साखराबाई. त्यांनी ट्रॅक्टर आणला होता.

“शेतात टाकणार ना मावशी?” मी विचारलं.

“शेतात कामून टाकू, वैनी?” साखराबाई हसल्या. “ही माती शेतात टाकायची हाय व्हय? कणगी लिंपायची हाय मला.”

कणगी म्हणजे तुराट्यांची विणलेली उंच कोठी. आतून-बाहेरून माती आणि शेणानं लिंपतात आणि त्यात ज्वारी भरतात.

“पत्र्याच्या कोठीत ज्वारी उबती,” त्या म्हणाल्या. “अन् दुसऱ्या मातीनं लिंपलं की सहा महिन्यांत सोंडे. तुमची माती लिंपली की किडा फिरकत न्हाई. शिवप्पा सावकार व्हते तवापासून मशहूर हाय ही माती. वाळवी न्हाई, मुंगी न्हाई. आमच्या सासूनं एक डालगंभर माती मागून नेल्ती, मरेपर्यंत सांगायची.”

“मग घ्या की भरून,” आत्या म्हणाल्या. “आमच्या सुनेला दुवा द्या.”

“देऊन राहिले की,” साखराबाई म्हणाल्या. “पोरगी कुठं हाय तुमची? दृष्ट काढून जाते.”

त्यांनी अक्कूची दृष्ट काढली, ट्रॅक्टर भरला आणि गेल्या. मागोमाग दुसऱ्या गावचे लोकही विचारून गेले. मी खुशीत होते. पण चार-पाच दिवसांनी एका संध्याकाळी अक्कूला भरवताना ते वाक्य माझ्या डोक्यात फिरायला लागलं. वाळवी न्हाई, मुंगी न्हाई. उदगीरमध्ये अशी भिंत नाही जिला वाळवी लागत नाही. आमच्याच देवघराची चौकट आतून पोकळ झालीय. मग परसातल्या त्याच मातीला का लागत नाही?

मी आत्यांना विचारलं, गोडाऊनमध्ये पूर्वी काय असायचं.

“काय न्हवतं ते सांग. तूर, करडई, सरकी. खताच्या गोण्या. अन् पावडर.”

“कसली पावडर?”

“पांढरी. तुरीवर धुरळायची. बीएचसी का काय म्हणायचे. पोत्यानं यायची. लई गुणाची. तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात उवा झाल्या, मी तीच लावली. एका दिवसात साफ.”

“डोक्याला?”

“मग कशाला? भिंतीला तर दरसाल लागायची. मामंजी गिलाव्याच्या चिखलात घमेलंघमेलं मिसळायचे. म्हणून तर वाळवी न्हाई.” आत्यांनी आपल्या सासऱ्यांबद्दल अभिमानानं सांगितलं. “त्यांचं डोकं लई चालायचं.”

घास माझ्या हातातच राहिला. अक्कू तोंड उघडून वाट बघत होती.

त्या पावडरीबद्दल मी कॉलेजात शिकले होते. बंदी आलेली, वर्षानुवर्षं मातीत तशीच राहणारी, अंगातल्या चरबीत साठणारी, आईच्या दुधात उतरणारी. परीक्षेला पाच मार्कांचा प्रश्न होता आणि मी तो चांगला लिहिला होता. पण पाठ केलेल्या ओळी आता माझ्याच परसात ढीग होऊन पडल्या होत्या, आणि त्यांचं पुढं काय करायचं ते पुस्तकात नव्हतं.

सकाळी मी नांदेडला आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमना फोन लावला. त्यांना मी आठवत होते.

“इतक्या वर्षांनी किती उरली असेल सांगता येत नाही, सिंधू,” त्या म्हणाल्या. “कदाचित फारच कमी. कदाचित नाही. तपासायला पाहिजे, आणि साधं माती परीक्षण करतात तिथं हे होत नाही. मी पुण्याला विचारते, वेळ लागेल.”

“तोवर मी काय करू?”

“पसरू देऊ नकोस. एका जागी ठेव, झाकून. वाऱ्यानं उडायला नको, पावसाचं पाणी त्यातून जायला नको. पोरांना लांब ठेव.”

एका जागी म्हणजे कुठं? मी दिवसभर तेच घोकत होते. नदीत टाकली असती तर ती पाण्यात उतरली असती. शेतात गेली तर ज्वारीत. खड्डा करून पुरली तर शेजारच्या बोअरमध्ये, बोअरला पाणी नसलं तरी कधीतरी येणारच ना. आणि इथं ठेवली तर अक्कूच्या उशाशी. जेसीबीवाल्यांना मी अडवलं नसतं तर एव्हाना हे सगळं नदीत जाऊन पडलं असतं आणि मला कळलंही नसतं. ते जास्त वाईट की हे? मला सांगता येईना. शेवटी एकच जागा सुचली, जिथं ती कोरडी राहील आणि कुणाच्या हाताला लागणार नाही. नव्या इमारतीच्या जोत्यात. भराव तर लागणारच होता. खाली फरशी, चारी बाजूंनी काँक्रीट, वरून काँक्रीट.

मामांना सांगितलं तेव्हा ते आडवे झालेले उठून बसले.

“म्हणजे इखावर घर बांधू?”

“विष आत्तापण आपल्याच घरात आहे, मामा. लोकांच्या घरी गेलेलं आपलंच आहे.”

“माझ्या बापानं एवढी वर्षं त्यात धंदा केला. नव्वदीत गेला. त्याला काय झालं न्हाई.”

खरंच त्यांना काही झालं नव्हतं.

“अन् आपली पोरगी त्याच्यावर खेळणार?” बसवंत हळूच म्हणाले.

मी फक्त म्हटलं, “दुसऱ्याच्या पोरांनी खेळण्यापेक्षा.” म्हणताना आवाज माझा वाटला नाही. कुठल्या आईला असं म्हणता येतं? मी अक्कूला उचलून आत गेले आणि बराच वेळ तिच्या छातीला कान लावून बसले.

आत्यांनीच निकाल दिला. त्या दारात उभ्या होत्या. “आपल्यात माणूस जाळत न्हाईत, पुरतात,” त्या मामांना म्हणाल्या. “मामंजींना आपण आपल्याच शेतात बसवून पुरलं. त्यांची पावडर दुसऱ्याच्या शेतात कामून धाडायची? पोरीनं म्हणलं तसं करा.”

मामा पुन्हा आडवे झाले. म्हणजे हो.

पण ट्रॅक्टरभर माती ग्यानोबांकडे होती. बसवंतनी फोन केला आणि एवढंच म्हणाले, “ग्यानोबा, ती माती वापरू नका. आम्ही परत न्यायला येतो.” “बरं,” ग्यानोबा पलीकडून म्हणाले. आम्हाला वाटलं, समजलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पो घेऊन निघालो. अक्कूला आत्यांकडे ठेवलं. माती उडू नये म्हणून भिजवून भरायची होती, म्हणून आम्ही आमच्या पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन घेतले होते. आत्यांनी ते बघितलं आणि घरात उरलेल्या कळश्या मोजल्या.

ग्यानोबांच्या घरापुढं गर्दी होती. आधी मला वाटलं कुणी गेलं की काय. जवळ गेलो तर अंगणात आमच्या मातीचा ढीग आणि त्याच्याभोवती चाळण्या घेऊन बसलेली माणसं. ज्वारीच्या चाळण्या, पिठाच्या चाळण्या, एकाकडे खडी चाळायची जाळी. धुरळा कमरेएवढा उभा होता. सगळ्यांत पुढं साखराबाईंची नातवंडं, तीन-चार, केसांपासून पायापर्यंत पांढरी. लहान एक तर बोटं चोखत होतं.

“थांबा,” मी म्हटलं. “अहो, थांबा. काय करताय?”

एक हात तेवढा थांबला. ग्यानोबा पुढं आले. रोजचा नमस्कार नव्हता.

“मालक,” ते बसवंतना म्हणाले, “माती कोन परत मागतं का? दिलेली माती?”

“अहो पण...”

“आमाला येडं समजू नका. शिवप्पा सावकाराची भिंत. जुना माणूस. पैसा बँकेत ठेवत न्हवते तवाचा माणूस. तुमाला काईतरी घावलं असंल, म्हणून बाकीची माती मागून राहिलेत.”

मागून एक म्हातारा म्हणाला, “हंडा एकटा नसतोय. जोडी असती.”

दोघं-चौघं हसले, पण चाळण्या पुन्हा हलायला लागल्या. मला एकदम कळेना की हसू की रडू. मातीला वाळवी लागत नाही, म्हणून तिचं नाव. तिला आम्ही परत मागितलं, म्हणून त्यात सोनं. मी काही बोलले तरी त्याचा दुसराच अर्थ निघत होता.

“त्यात विष आहे मावशी,” मी साखराबाईंना म्हटलं. त्या ओसरीवर बसल्या होत्या. “जुनी औषधाची पावडर. तुमच्या नातवांना बाजूला घ्या आधी.”

“इख हाय तर तुमी कशा जित्या?” त्या शांतपणे म्हणाल्या. “अन् त्या दिवशी तुमीच भरून दिली की वैनी. दुवा घेतली माझ्याकडून.”

“तेव्हा माहीत नव्हतं.”

“आज कसं कळलं? सपान पडलं?”

कॉलेज, मॅडम, चरबी, दूध. मी सगळं सांगितलं. जसजसं सांगत गेले तसतसं मलाच ते बनवल्यासारखं वाटायला लागलं. बसवंत माझ्या कानाशी म्हणाले, “सांगून टाकू का, भिंतीत कुणाची तरी समाधी निघाली म्हणून? लगेच टाकतील हातातलं.” टाकलं असतं. मी त्यांच्याकडे बघितलं, क्षणभर तोंडावर हो आलंही होतं. पण मग ती माती समाधीची म्हणून कुणी कपाळाला लावली असती, आणि आत्तापर्यंत दोनदा बघितलं होतं की या मातीला नाव चिकटलं की ते कुठं जाईल सांगता येत नाही.

मला दुसरं काही सुचलं नाही. धुरळा त्या लहान पोराच्या नाकातोंडात जात होता. मी टेम्पोतून एक कॅन ओढून काढला, झाकण उघडलं आणि ढिगावर ओतायला लागले.

चाळण्या थांबल्या.

पाणी मातीवर पडून आत जात होतं, जराही वाहत नव्हतं. मी हाताने शिंपडत ढिगाभोवती फिरले, चाळण्यांखालच्या मातीवर, पोरांच्या पायांपुढं. एक बाई चटकन पुढं झाली आणि तिनं पदराचा द्रोण करून धारेखाली धरला. दुसरीनं तिला मागं ओढलं. बसवंतनी दुसरा कॅन आणला. तेव्हा साखराबाई उठल्या.

“हे कशाचं पानी हाय?”

“पिण्याचं.”

“टँकरचं?”

“हो. घरचंच.”

त्यांनी कॅनमध्ये बोट बुडवून ओठांना लावलं. मग ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटतं, माझ्या तोंडावर त्या काहीतरी शोधत होत्या.

“आवं, ऐकलं का,” त्या ग्यानोबांना म्हणाल्या. “सोन्यावर कोनी पानी वतत न्हाई. अन् आजकाल तर मातीवरबी न्हाई. काईतरी खरं हाय हिचं.” आणि मग आवाज चढवून पोरांना, “उठा रे. हात लावू नका कशाला. चला, उठा.”

एकेक चाळणी खाली ठेवली गेली. म्हातारा तेवढा बसून राहिला, ओल्या मातीत काठी फिरवत. बाकीच्यांनी फावडी आणली. बसवंत आणि ग्यानोबा टेम्पो भरू लागले. पोरांना त्या दुसऱ्या कॅनातल्या उरलेल्या पाण्यानं धुतलं. एका तांब्यात एक पोर. मी त्या धाकट्याची बोटं माझ्या ओढणीनं पुसत होते आणि तो माझ्याकडे संशयानं बघत होता.

मग साखराबाई म्हणाल्या, “वैनी, आत या.”

आत कोपऱ्यात कणगी उभी होती. माझ्या खांद्याएवढी, सुबक लिंपलेली. गिलावा वाळून पांढरट झाला होता. वरचं तोंड झाकलेलं.

“परवाच भरली,” त्या म्हणाल्या. “ह्या साली जेवढी पिकली तेवढी. दुसरी न्हाई. ह्या ज्वारीचं काय करू? खाऊ का नको?”

ग्यानोबा फावडं घेऊन दारात आले. बसवंतही आले. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी मॅडमचा आवाज आठवत होते. सांगता येत नाही. कदाचित फारच कमी. कदाचित नाही. दोन-तीन दिवसांत दाण्यात किती उतरलं असेल? काहीच नसेल. धुऊन खाल्ली तर? धुवायला पाणी? आणि मी चुकत असेन तर, दुष्काळात एका घराची वर्षाची भाकरी मी नुसत्या अंदाजावर काढून घेत होते.

“नका खाऊ,” मी म्हटलं.

“नक्की?” ग्यानोबांनी विचारलं.

“नक्की नाही. तरी नका खाऊ. कोंबड्यांनापण नका घालू.”

“नक्की न्हाई म्हणता, अन् खाऊ नका म्हणता,” साखराबाई म्हणाल्या. रागाने नाही. माझ्यासारख्याच त्याही त्यात अडकल्या होत्या.

“आमच्या घरची ज्वारी संध्याकाळपर्यंत आणून टाकतो,” बसवंत म्हणाले. “जेवढी आहे तेवढीच. ही आम्ही मातीसोबत नेतो.”

साखराबाईंनी खाली बसून कणगीच्या बुडाशी असलेला चिंध्यांचा बोळा काढला. मूठभर ज्वारी त्यांच्या तळहातावर आली. त्यांनी ती नाकाशी नेली, बराच वेळ धरली, मग माझ्यापुढं केली.

“बगा बरं. मला तर ज्वारीचाच वास येऊन राहिला.”

मी वास घेतला. मलाही ज्वारीचाच आला. नुकत्या मळलेल्या, उन्हात वाळवलेल्या ज्वारीचा.

“हो,” मी म्हटलं.

बसवंतनी रिकामं पोतं दिलं. मी त्याचं तोंड कणगीच्या भोकाखाली धरलं, साखराबाईंनी हात बाजूला केला, आणि ज्वारी यायला लागली.